टायर वगळून मोटरसायकल

मी, बापूराव मारुती खुटवड, वय वर्षे ७३, निवृत्त, राहणार कर्वेनगर, पुणे, हे माझे मृत्युपत्र आज लिहून ठेवत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया नेहमीची आहे असे डॉक्टर म्हणतात. त्यांच्या नेहमीची असेल. हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही, कोणी धमकावलेले नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला तारीख आणि वार विचारला, दोन्ही बरोबर आले. मनाला हल्ली फारसे काही वाटत नाही, असे मी त्यांना सांगून पाहिले. ते त्यांनी दाखल्यात लिहिले नाही.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी माझ्या वकील दीपाली काळभोर यांनी करावी. मजकूर लांबला आहे, असे त्यांचे मत आहे. आवश्यक तेवढेच ठेवा, असे त्यांनी दोनदा सांगितले. मी आवश्यक तेवढेच ठेवले आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो माझ्यामागे माझी पत्नी सोजरबाई हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा किंवा कुलूप लावून गावी जाऊन राहावे. यात कोणीही, विशेषतः माझ्या धाकट्या भावाने, तिला सल्ला देऊ नये.

२. बँकेतील ठेवी आणि निवृत्तीची शिल्लक तिचीच. सर्व ठिकाणी तिचे नाव आधीच लावून ठेवले आहे.

३. आमचे गाव कात्रजच्या पलीकडे होते. आता ते पुण्यातच आहे. जमिनी विकून झाल्या आणि त्याबद्दल माझी कोणाविषयी तक्रार उरलेली नाही. सातबाऱ्यावर गावच्या विहिरीत माझा चार आणे हिस्सा अजून दिसतो. विहीर एका सोसायटीच्या पार्किंगखाली गेली आहे. तो हिस्सा मी माझे धाकटे बंधू रावसाहेब यांना देतो. त्यांना वाटण्यांची आवड आहे.

४. भोसरीच्या कारखान्यात मी मालाच्या तपासणीवर होतो. तेव्हाची मापाची हत्यारे लोखंडी पेटीत तेल लावून ठेवलेली आहेत. ती पेटी आणि पायाने मारायचा हवेचा पंप माझी सून भाग्यश्री हिला द्यावा. पंपाचे वॉशर मी याच वर्षी बदलले आहे.

५. भाग्यश्री कोण, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कागदावर असावे. माझा एकुलता एक मुलगा अभिनव याची ती पत्नी. अभिनव २०१३च्या सप्टेंबरात डेंग्यूने गेला. तो एकोणतीस वर्षांचा होता. त्यानंतर भाग्यश्री काही वर्षे आमच्याकडेच राहिली. मग तिचे कार्यालय खराडीला गेले म्हणून येरवड्याला राहायला गेली. जाताना तिने विचारले होते, मी हो म्हणालो होतो. ती दर रविवारी जेवायला येते. ती मला बाबा म्हणते आणि मी तिला मुलगी म्हणत नाही. ती सून आहे आणि ते नाते मला पुरेसे आहे.

६. अभिनवची मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, १९८९ची आहे. त्याने ती वानवडीच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली होती. त्याच्यामागे ती माझ्या नावावर झाली आणि इमारतीच्या खाली, जिन्यालगत उभी राहिली. दर दसऱ्याला सोजर ती धुते, झेंडूचा हार घालते, पुढच्या टायरला हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवते. मी किक मारतो. लिंबू चिरडेपर्यंत गाडी पुढे घेतो, सोसायटीला एक फेरी मारतो आणि परत लावतो. हवा मी महिन्याच्या महिन्याला भरत आलो. बाकी गाडीला काही करायचे नाही, असे घरात ठरले होते. कोणी ठरवले, ते आठवत नाही.

सोसायटीचे सचिव श्री. विद्याधर गोगटे यांनी या गाडीबद्दल मला वेळोवेळी पत्रे दिली. एका पत्रात, सदर वाहन चालणार नसल्यास त्याची नोंद पुतळा म्हणून करावी लागेल व पुतळ्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, असे लिहिले होते. ते पत्र मी जपून ठेवले आहे. गोगटे यांना या मृत्युपत्राने गाडीवरची ताडपत्री मिळेल.

अभिनवच्या तेराव्याला, लोक जेवत असताना, रावसाहेब मला म्हणाले की गाडी दिग्विजयला द्या, घरातच राहील. दिग्विजय त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा कॉलेजात होता. त्याने तिथेच किल्ली मागितली. मी वाढत होतो. मी त्याला आणखी एक जिलबी वाढली. पुढे तो अधूनमधून येत राहिला. दर वेळी गाडीभोवती फिरून सांगायचा, काका, मागचा टायर भारी दिसतो, आता पुढचापण तसाच रुंद टाका. दिग्विजयला मी माझे नवे, न वापरलेले हेल्मेट देतो. शहरात कशाला लागतं, असे तो म्हणेल. तरीही ते त्याचेच.

७. सदर मोटरसायकल, तिची सर्व कागदपत्रे, दोन्ही किल्ल्या आणि सुटे भाग मी भाग्यश्री हिला देतो. मात्र दोन्ही टायर या देणगीतून वगळले आहेत. टायर उतरवल्याशिवाय गाडी तिच्या ताब्यात देऊ नये. तिने मागितली तरी देऊ नये. याचे कारण खाली देत आहे. हे कारण वगळावे, असे वकिलांचे म्हणणे होते.

या वर्षी जानेवारीत भाग्यश्रीने गाडी चालवायला मागितली. का हवी, ते मी विचारले नाही. सोजर म्हणाली, ने. सोनबा शेलार यांनी कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेक पाहिले. सोनबांचे गॅरेज आमच्याच गल्लीत आहे आणि ते अभिनवला ओळखत होते. भाग्यश्री गाडी साताऱ्याच्या रस्त्याला घेऊन गेली. दुपारी परत आली, जिन्यावर बसली, मला खाली बोलावले. सोजरला नाही.

तिने सांगितले ते असे. कात्रजचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूरच्या पुढे, सरळ रस्त्यावर नव्वदच्या आसपास गाडीचे मागचे अंग डोलू लागले. आधी हळू, मग मोठे झोके. हातातले हँडल ठीक होते, पण गाडी कोणीतरी मागून धरून दोन्हीकडे ढकलत असल्यासारखी जात होती. तिने ब्रेक दाबला नाही, हँडल आवळले नाही, फक्त ॲक्सिलरेटरची मूठ हळूहळू सैल सोडत गेली. सत्तरच्या खाली आल्यावर गाडी सरळ झाली. शेजारून ट्रक चालला होता, असे तिने शेवटी सांगितले.

मी म्हणालो, साठच्या वर नेऊ नकोस.

ती म्हणाली, "बाबा, त्या रस्त्यावर साठने जायचं म्हणजे मागच्या ट्रकला बोलावून घेणं आहे. मी चालवणार आहे ही गाडी. तुम्ही बघणार असाल काय झालंय ते, तर बघा. नाहीतर मी तशीच चालवीन."

ती तशीच चालवील, हे मला पटले. दुसरी किल्ली तिच्याकडेच होती. अभिनवच्या वेळेपासूनच होती.

मग आम्ही शोधायला लागलो. सोनबा म्हणाले, काका, सगळंच एकदम बदलून टाकू, जाईल कटकट. मी नको म्हणालो. सगळे एकदम बदलले तर काय बिघडले होते ते कळत नाही आणि पुन्हा बिघडले की पुन्हा सगळे बदलावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तोच रस्ता, तोच वेग, तोच माणूस. सोनबांना ही पद्धत कंटाळवाणी वाटली. ते तसे म्हणालेही. पण आले.

पहिल्यांदा मागच्या कॅरिअरवरची तिची ऑफिसची जड बॅग काढली. वजन मागे आणि उंचावर असले की पुढचे चाक हलके पडते. फरक पडला, डोलणे उरले. मग हँडल ज्या छऱ्यांवर फिरते तो कोनसेट पाहिला. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले, तर ते मधोमध अडकत होते. गाडी वर्षानुवर्षे सरळ हँडलने उभी होती, तिथेच छऱ्यांनी खड्डे केले होते. कोनसेट नवा घातला. फरक पडला, डोलणे उरले. मग मागचे चाक ज्यात बसते तो चिमटा हाताने आडवा हलवून पाहिला. हलत होता. त्याच्या सांध्यातले बुश नवे केले. चाकांचे स्पोक आवळून रिम सरळ केले, दोरी लावून दोन्ही चाके एका रेषेत आणली, मागचे शॉक अब्सॉर्बर बदलले. प्रत्येक वेळी भाग्यश्री गाडी घेऊन जायची आणि मी खेड शिवापूरच्या अलीकडे एका टपरीवर बसून राहायचो. ती परत येईपर्यंत मी रस्त्याकडे पाहत असे. टपरीवाला विचारायचा, कुणाची वाट बघताय. मी म्हणायचो, गाडीची.

प्रत्येक वेळी ती येऊन म्हणायची, बरीये, पण आहे. आधी नव्वदला डोलणारी गाडी आता पंचाण्णवला डोलू लागली, इतकेच. बाकी सगळे करून झाले तेव्हा टायर राहिले.

टायर राहिले होते, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होते. सोनबांनाही दिसत होते.

हे टायर अभिनवने स्वतः बसवले होते, आजारी पडण्याच्या आधी थोडेच दिवस. नक्षी अजून पूर्ण आहे, पाहणाऱ्याला ते नवेच वाटतात. पण टायरच्या कडेला चार आकडे उमटवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरांवर ३११३ आहे. रबर चालले नाही तरी म्हातारे होते. नख रुतत नाही, कडेला बारीक भेगा आहेत. ही एक गोष्ट. दुसरी अशी की मागचा टायर या रिमचा नाहीच. तो दोन मापांनी मोठा आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत दाबल्या जातात, माथा उंच होतो आणि गाडी वेगात त्या माथ्यावर तोल शोधत राहते. पुढचा टायर एका घडणीचा, मागचा दुसऱ्याच घडणीचा. अभिनवला तो रुंद टायर आवडला होता. बसवल्यावर त्याने मला गॅलरीतून खाली बोलावले आणि म्हणाला, आता बघा कशी दिसते. छान दिसत होती. त्या टायरांवर तो फार तर शहरातल्या शहरात फिरला. हमरस्त्याला गेला असता तर त्यालाही कळले असते.

या दसऱ्याला, सोजर पुढच्या टायरला कुंकू लावत असताना, मी तिला टायर बदलावे लागतील असे सांगितले. ती म्हणाली, नवे तर हायेत. मी साल सांगितले, भेगा दाखवल्या. ती म्हणाली, माणूस गेला आणि तुम्ही मला रबराचं वय सांगता. मग मी मागच्या टायरचे माप सांगितले. ते सांगायला नको होते असे मला वाटत नाही, कारण नव्या टायरमध्येही तेच माप घेतले गेले असते.

तिने कुंकवाची कोयरी खाली ठेवली आणि विचारले, "म्हंजी त्याचं चुकलं व्हतं, असं म्हणायचं हाय का तुम्हाला?"

मी किक मारली नाही. लिंबू चाकाखाली तसेच राहिले. सोजर माझ्या हातातली किल्ली घेऊन वर गेली आणि ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली.

तेव्हापासूनची परिस्थिती अशी आहे. एक किल्ली देव्हाऱ्याखाली, दुसरी येरवड्याला. मी आहे तोवर भाग्यश्री माझे ऐकून थांबेल. मी नसलो की एका रविवारी ती गाडी घेऊन जाईल आणि सोजर टायरांना हात लावू देणार नाही. दोघी एकमेकींना नाही म्हणणार नाहीत. दोघींनाही तोच माणूस हवा आहे. म्हणून गाडी आणि टायर मी वेगळे केले आहेत.

८. सदर मोटरसायकलचे दोन्ही टायर, पुढचा व मागचा, मी माझी पत्नी सोजरबाई हिला देतो. ते तिने कुठे ठेवावेत, त्यांना कुंकू लावावे की नाही, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ते कोणत्याही वाहनाला पुन्हा बसवू नयेत. दिग्विजयच्या वाहनालाही नाही.

९. नवे टायर निवडताना भाग्यश्रीने पुढीलप्रमाणे करावे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे माप आहे तेच घ्यावे. दुकानदार म्हणेल की एक माप मोठे बसते. बसते. पुढचा आणि मागचा एकाच कंपनीचा आणि एकमेकांसाठी केलेला असावा. चार आकडे स्वतः वाचावेत, दुकानदाराने वाचून दाखवलेले नकोत. टायर किती वेग सोसतो ते सांगणारे कडेवरचे अक्षर गाडी जितकी पळू शकते त्याहून वरचे असावे, तितके पळायचे नसले तरी. ट्यूब आणि रिमवरची पट्टी नवी घालावी. हवा टायर थंड असताना मोजावी. नव्या टायरांवर पहिले शंभर किलोमीटर सावकाश जावे, वळणावर फार कलू नये. नवे रबर गुळगुळीत असते. आणि सहा वर्षांनी, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी, टायर उतरवावेत. कोणी बसवले, ते पाहू नये.

१०. माझ्या दहाव्या-तेराव्याचा खर्च टाळावा. जिलबी करू नये.

११. इथपर्यंतचा मसुदा मी सोजरला वाचून दाखवला. कलम आठ आल्यावर ती म्हणाली, टायर बायकोच्या नावावर करणारे पुण्यात तुम्ही पहिलेच असाल. मग काही दिवसांनी एका सकाळी चहा देताना तिने विचारले, "तुमच्यामागं टायर काढायला मी कुणाला सांगू? आणि त्यो काढताना मी एकटीनं उभं राहू का? सोनबांना आत्ताच बोलवा."

सोनबा आले. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, दोन्ही चाके काढली. मागचा टायर रिमवरून निघताना त्रास देतो, तसा त्याने दिला. लोखंडी पट्ट्या घालून सोनबांनी तो उतरवला तेव्हा तो सुटल्यासारखा पसरला आणि आपल्या मूळ मापाएवढा रुंद होऊन पडला. नवे टायर भाग्यश्रीने आणले होते. सोजरने मागचा जुना आणि मागचा नवा शेजारी शेजारी, भिंतीला लावून उभे करायला सांगितले. मग मोकळे रिम मध्ये ठेवायला सांगितले. ती पाहत उभी राहिली. सोनबांनी उगाच पाना पुसला. गोगटे वरून येता येता जिन्यात थांबले आणि त्यांनीही काही म्हटले नाही, याची नोंद करणे मला योग्य वाटते. मग सोजर वर गेली आणि खाली आली ती किल्ली घेऊन. किल्ली तिने भाग्यश्रीच्या हातात दिली.

जुने टायर आता गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे आहेत.

नवे टायर शंभर किलोमीटर शहरात चालवून झाल्यावर भाग्यश्री गाडी घेऊन त्याच रस्त्याला गेली. मी त्याच टपरीवर बसलो. ती परत आली, हेल्मेट काढले आणि म्हणाली, "सरळ गेली, बाबा."

मला बरे वाटायला हवे होते. मी चहा घेतला. टपरीवाल्याने विचारले, आली का गाडी. मी म्हणालो, आली.

१२. टायर माझ्या हयातीतच पोचते झाल्यामुळे कलम आठ काढून टाकावे, असे वकिलांचे म्हणणे आहे. मी ते राहू देत आहे. दिलेल्या वस्तूची पोच तरी घ्या, असे त्या म्हणाल्या, म्हणून या कागदाच्या शेवटी, साक्षीदारांच्या सह्यांखाली, थोडी जागा सोडली आहे. तिथे काय लिहायचे ते मी सोजरला सांगितलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. तो माझा आहे. साक्षीदारांनी मला आणि मी त्यांना सही करताना पाहिले आहे. श्री. गोगटे यांनी ताडपत्री मिळणार असताना साक्षीदार होणे बरे दिसत नाही म्हणून ताडपत्री नाकारली आणि सही केली. ताडपत्री सोनबांनीही नको म्हटली. ती भंगारात द्यावी.

ठिकाण : कर्वेनगर, पुणे
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही)
बापूराव मारुती खुटवड

साक्षीदार :

१. (सही) विद्याधर गोगटे, सचिव, राहणार वरीलप्रमाणे, दुसरा मजला

२. (सही) सोनबा लक्ष्मण शेलार, व्यवसाय गॅरेज, राहणार कर्वेनगर, पुणे

पोच :

दोन टायर मिळाले. मागचा मोठाच होता.

सोजरबाई बापूराव खुटवड